परदेशी जाणाऱ्याने बॅग कशी भरू द्यावी

परदेशी शिक्षणाला निघालेल्यांसाठी आजवर जे मार्गदर्शन झाले आहे, त्यात एक मूलभूत चूक आहे. बॅग विद्यार्थी भरतो, असे ते सगळे गृहीत धरते. वस्तुतः पुणे, ठाणे, नाशिक वा कोल्हापूरहून एम.एस. करायला जर्मनीला निघालेल्या विद्यार्थ्याला बॅग भरण्याचा अधिकार नसतो. बॅगेवर त्याचे नाव असते, तेही बाबांनी मार्करने लिहिलेले. म्हणून प्रस्तुत लेखात बॅग भरू कशी द्यावी, एवढ्याच विषयाचा विचार केला आहे.

या शास्त्राला पूर्वपीठिका आहे. 1928 साली इरावती कर्वे उच्च शिक्षणासाठी बर्लिनला निघाल्या, तेव्हा सासऱ्यांचा, म्हणजे खुद्द महर्षी कर्व्यांचा, त्याला विरोध होता आणि पैशांची सोय जीवराज मेहतांनी दिलेल्या कर्जातून झाली. घरच्या वडीलधाऱ्यांचा विरोध असण्याचा एक फायदा असा, की निदान त्यांच्या वाटचे सामान तरी वाढत नाही. आजच्या विद्यार्थ्याला सर्वांचा संपूर्ण पाठिंबा असतो. हा पाठिंबा काट्यावर ठेवला तर साधारण एकसष्ट किलो भरतो. विमान कंपनी तेवीस नेऊ देते. विद्यार्थी म्हणून सवलतीचे तिकीट मिळाले तर तेवीसची आणखी एक बॅग. उरलेल्या पाठिंब्याचे काय करायचे, हा या लेखाचा मुख्य प्रश्न.

कागदपत्रांचा भाग सोपा आहे, कारण तो जर्मन सरकारच्या ताब्यात आहे. पदवी खरी असल्याचे सांगणारे एपीएसचे प्रमाणपत्र, प्रवेशपत्र, आरोग्य विमा आणि ब्लॉक्ड अकाउंट. या खात्यात वर्षाचे 11,904 युरो आधी भरून दाखवायचे आणि मग आपलेच पैसे दरमहा 992 युरो या हप्त्याने आपल्यालाच परत घ्यायचे. हातात एकरकमी पैसे दिले तर मुलगा उडवेल, हे बाबांचे जुने मत एका परकीय सरकारने कायद्यात आणल्यामुळे जर्मनीबद्दल त्यांचे मत फार चांगले होते. फाइल त्यांच्याकडेच सोपवावी. ते प्रत्येक कागदाच्या पाच झेरॉक्स काढतील, काढू द्याव्यात. फक्त उत्साहाच्या भरात ते डिग्री लॅमिनेट करायला निघाले, तर दारात आडवे व्हावे. लॅमिनेट केलेल्या कागदावर शिक्का उठत नाही. मूळ कागदपत्रे केबिन बॅगेत ठेवावीत. हे वाक्य या लेखातले एकमेव गंभीर वाक्य समजावे.

आता खाद्यपदार्थांकडे वळू, म्हणजे बॅगेकडेच.

जर्मनीत तांदूळ मिळतो, डाळी मिळतात, हळद-तिखटही मिळते. फ्रांकफुर्टच्या मुख्य स्टेशनाबाहेर पडले की समोरच्या गल्ल्यांत भारतीय, पाकिस्तानी दुकाने आहेत. ही माहिती घरात कोणालाही देऊ नये. दिलीच, तर पुढील संवाद ठरलेला आहे. ‘तांदूळ म्हणजे कुठला? बासमतीच ना?’ आणि मग दोन किलो आंबेमोहोर बॅगेत जातो. माहितीने सामान कमी होत नाही, त्याला फक्त कारण मिळते.

युरोपीय संघाचे नियम मात्र आईला जरूर वाचून दाखवावेत, कारण त्यांचे उगमस्थान आपण नाही. मांस आणि दुधाचे पदार्थ बाहेरून आणता येत नाहीत. म्हणजे कढवून बरणीत भरलेले साजूक तूप गेले. बेसनाच्या लाडवात मुरलेले तूप दुग्धजन्य मानायचे की लाडूजन्य, हा वाद घरात घालू नये. तो फ्रांकफुर्टच्या कस्टम अधिकाऱ्यावर सोडावा. ताज्या भाज्या-फळांना रोगमुक्तीचा दाखला लागतो, त्यामुळे कढीपत्ता ओला नेता येत नाही. या दाखल्यातून फक्त पाच फळे सुटली आहेत: अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळ. म्हणजे ओटीतल्या नारळाबद्दल ब्रुसेल्सचे काही म्हणणे नाही. आजीला हे कळले की युरोपबद्दलचा तिचा आदर दुणावतो. पण सुक्या खोबऱ्याच्या वाट्या ती आणायला उठते, तेव्हा तिला थांबवावे. विमान वाहतुकीच्या नियमांत खोबरे हे आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत मोडते आणि भारतात 2022 पासून ते चेक-इन सामानात ठेवायला मनाई आहे. तेच खोबरे गोडा मसाल्यात कुटून घातले की ते खोबरे राहत नाही, अशी घरोघरची समजूत आहे. विमान दुबईमार्गे असेल, तर त्याच मसाल्यातली खसखस आठवावी. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे आणि तिथल्या अधिकाऱ्याला ‘आमच्याकडे घालतात’ हे स्पष्टीकरण पुरत नाही. मसाला करायला बसण्याआधी तिकीट दाखवावे.

भाजणी, मेतकूट, कुळथाचे पीठ, दाण्याची चटणी यांना कोणताच देश हरकत घेत नाही, ही या विषयातली खरी शोकांतिका होय. हे सगळे येणारच. पण पिशव्यांवर नावे लिहून घ्यावीत. भुरक्या पिठाच्या सात निनावी पुड्यांचा एक्स-रे यंत्रावर काय समज होईल, ते सोडाच. नोव्हेंबरातल्या एका रात्री थालीपीठ समजून तुम्ही स्वतःच कुळीथ थापून बसाल.

कुकर न्यावा. तीन लिटरचा. पोकळी अजिबात वाया घालवू नये, आत मोजे भरावेत. रिंगा दोन जास्तीच्या घ्याव्यात. आपल्या कुकरची रिंग तिथे मिळेल अशा भ्रमात राहू नये. मिक्सरबाबत मतभेद आहेत. वीज तिथेही 230 व्होल्टची असल्यामुळे तो चालतो, पण आपली तीन पायांची पिन तिथल्या भिंतीत शिरत नाही. अडॅप्टर इथूनच घेतलेला बरा. तिथे पोचल्यावर पहिला दिवस रविवार निघाला तर दुकाने बंद. पोळपाट नेऊ नये. लाटणे काढूनही बॅगेत सापडतेच.

निघण्याच्या आधीच्या आठवड्यात शेजारच्या काकू येतात. ‘आमचा मन्या म्युनिकला असतो, जर्मनीतच आहे ना, देशील का रे एवढंसं?’ एवढंसं म्हणजे पावणेदोन किलो. फ्रांकफुर्ट ते म्युनिक हे अंतर जवळजवळ चारशे किलोमीटर आहे, हे काकूंना सांगणे उद्धटपणाचे ठरते. ‘हो काकू’ म्हणावे आणि पुडा घ्यावा. आपल्यात पाळलेला शिष्टाचार असा, की तीन महिने भेट न झाल्यास चकली वाहकाची होते. मन्यालाही हा नियम माहीत असतो. तो नेहमी दुसऱ्याच आठवड्यात फोन करतो.

वजन करण्याची पद्धत: बाबांनी बॅग उचलून वजनकाट्यावर उभे राहायचे, मग बॅगेविना उभे राहायचे आणि वजाबाकी करायची. ‘तुमचंच वाढलंय’ हा आईचा आक्षेप पहिल्या फेरीत फेटाळावा, दुसऱ्या फेरीत तपासून पाहावा. बॅग सव्वीस भरली की जे बाहेर निघते ते न चुकता विद्यार्थ्याचे असते: बूट, पुस्तक, हेडफोनचा डबा. भाजणी एकदा बसली की उठत नाही. थंडीचे जाकीट अंगात घालावे, कारण प्रवाशाचे वजन अजून कोणी करत नाही. सप्टेंबरच्या मुंबईत, दमट हवेत, जाकीट घालून घामाघूम उभी असलेली मुले दिसली, तर हिवाळी सत्र सुरू होत आहे असे समजावे.

निघताना हातावर दही मिळेल. ते तिथेच खावे. पोटातल्या दुग्धजन्य पदार्थांवर युरोपचे नियंत्रण नाही.

काउंटरवर एक प्रश्न विचारला जातो: ही बॅग तुम्ही स्वतः भरली आहे का? इथे मागे वळून पाहू नये. काचेपलीकडे उभ्या असलेल्या आईला ओठ वाचता येतात. ‘हो’ म्हणावे.

पोचल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी, आणि त्याआधी छताकडे पाहावे. झोपण्याच्या प्रत्येक खोलीत धुराची सूचना देणारे यंत्र बसवलेले असते. मोहरी तडतडेपर्यंत ते गप्प राहते; सुकी मिरची पडली की बोंबलू लागते. फोडणीआधी खिडकी उघडावी, रात्री दहानंतर फोडणी देऊ नये आणि शेजारच्या खोलीतला जर्मन मुलगा दारात आला, तर त्याच्या हातात चकली ठेवावी. मन्याची असली तरी.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे जातात आणि साडेतीन तासांचा फरक साडेचार होतो. आईचे घड्याळ मागे जात नाही. तिचा सकाळी सातचा फोन तिथे रात्री अडीचला वाजेल. उचलावा. ‘मेतकूट आहे का रे अजून?’ हा प्रश्न येईल, आणि त्याला दोन चुकीची उत्तरे आहेत. ‘आहे’ म्हटले, तर पोरगा जेवत नाही असा अर्थ निघतो. ‘संपलं’ म्हटले, तर पुढच्या पंधरवड्यात जर्मनीला येणारा कोणी अनोळखी विद्यार्थी गाठला जातो आणि त्याच्या बॅगेतून त्याचे बूट बाहेर निघतात. ‘संपत आलंय’ म्हणावे. हे उत्तर मार्चपर्यंत पुरते.