पूर्वजांचे वकील

सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या अण्णांच्या वाड्यात शिरताना नव्या माणसाचं डोकं चौकटीला लागतंच. लागलं की अण्णा खूश. "वाका की ओ! शत्रूनं मान खाली घालून यावं म्हणून ठेवलीय ही उंची." गेल्या दोन-तीन पिढ्यांत शत्रू म्हणावा असा फक्त विजेचं मीटर बघणारा येतो, आणि तोही बुटका आहे.

घरात जे जे गैरसोयीचं, ते ते पूर्वजांनी मुद्दाम केलेलं, एवढंच अण्णांचं वास्तुशास्त्र. जिन्याची एक पायरी उंच, एक बुटकी? चोर अडखळावा म्हणून. आतल्या खोलीत भरदुपारी बॅटरी लागते? मे महिन्यात या, मग बोला. इथं मात्र अण्णांचं खरं आहे. भिंतीला आतून-बाहेरून दगडांचे दोन पदर, मधे चिखल आणि कपच्या. बाहेर पारा ४३-४४ ला टेकलेला असताना ढेळज ओलांडून सोप्यात आलं की अंग निवतं. मी स्वतः अनेकदा या गारव्यासाठीच अण्णांचं व्याख्यान सहन केलंय.

व्याख्यान बहुतेक माळवदावर. खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यावर फळकुटं आणि पाला, सगळ्यांवर पांढरी माती. अण्णा खण मोजून दाखवतात. दर खेपेला एखादा वाढतो. पाणी गळू नये म्हणून पावसाळ्याआधी वर नवी माती टाकायची. जुनी काढायचं मात्र कुणाच्या मनात आलं नाही, त्यामुळे प्रत्येक पिढी डोक्यावरचं ओझं थोडं वाढवूनच पुढच्या पिढीच्या हवाली करत गेली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत अशाच मातीच्या जाड छतांखाली, अशाच दगडी भिंतींखाली हजारो माणसं झोपेत गेली. सोलापूरही हादरलं. काकू लेकरांना घेऊन रस्त्यावर धावल्या, अण्णा सोप्यातच उभे राहून वर बघत ओरडले, "अगं, तुळई हलली नाही!" काकूंनी दिवाळीची वाट न बघता गडी लावले आणि पोरांच्या कमरेएवढी माती खाली उतरवली. अण्णा आठवडाभर जेवताना बोलले नाहीत. आता पाहुण्यांना सांगतात, "छत हलकं ठेवावं, हे आमच्या पूर्वजांना आधीच ठाऊक होतं."

काकू तेव्हा शेंगा सोलत असतात.

महापालिकेच्या इंद्रभुवनाचं, म्हणजे अप्पासाहेब वारदांनी बांधलेल्या त्या देखण्या इमारतीचं कौतुकही अण्णांना खपत नाही. "नक्षी आहे, मान्य. पण धान्याला बळद कुठाय?" अण्णांच्या बळदात सध्या बंद पडलेला कूलर आणि दोन फाटक्या चादरी आहेत.

परवा एका बिल्डरचा माणूस आला. भावकीतल्या सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, अण्णांचीच राहिली होती. त्यानं डोकं आपटून घेतलं, दीड तास वाडा बघितला आणि दमून विचारलं, "काका, इथं पार्किंग कुठं?"

अण्णांनी दाराजवळच्या भिंतीतली लोखंडी कडी अभिमानानं हलवून दाखवली. "ही काय! घोडा बांधायची."

आतून काकू म्हणाल्या, "घोडा कसला ओ, म्हैस होती. आणि तीपण शेजाऱ्यांची."