नदी मंडळ : एक निष्कलंक कारकीर्द

आंतरराज्य नद्यांच्या नियोजनात समन्वय असावा म्हणून संसदेने 1956 मध्ये नदी मंडळ अधिनियम केला. त्याखाली आजवर एकही मंडळ स्थापन झालेले नाही. परिणामी एकाही मंडळाचा निर्णय चुकला नाही, एकावरही ताशेरे ओढले गेले नाहीत. सरकारी कारभारात इतके स्वच्छ दप्तर विरळाच. त्याच वर्षीचा जलतंटा कायदा मात्र जोमाने चालला. एकट्या कृष्णेला 1969 आणि 2004 असे दोन लवाद लाभले.

राज्यघटनेनुसार पाणी आणि बांध राज्यांकडे, आंतरराज्य नद्यांचे नियमन केंद्राकडे. पूर कोणत्याच सूचीत नावानिशी नाही. तो परवानगीवाचून येतो, यात नवल नाही. पूरमैदानांत बांधकामे होऊ नयेत म्हणून केंद्राने 1975 मध्ये नमुना विधेयक पाठवले. बहुतेक राज्यांनी ते नमुना म्हणूनच जपून ठेवले. राष्ट्रीय जलनीती 1987, 2002 आणि 2012 अशी तीनदा आली. सांगली-कोल्हापुरात महापूरही 2005, 2019 आणि 2021 असा तीनदा आला. समन्वय नाही, असे कोण म्हणेल?

आता उरते ती किरकोळ दुरुस्ती. पुराने राज्याची हद्द ओलांडण्यापूर्वी दोन्ही राज्यांचा ना-हरकत दाखला घ्यावा. अर्ज तीन प्रतींत, पूर येण्याच्या 30 दिवस आधी. निळ्या पूररेषेच्या आतील घरांबाबतही उदार धोरण हवे : भिंतीवरील पाण्याची खूण रहिवासाचा पुरावा म्हणून ग्राह्य धरावी, आणि खुणा तीन असल्यास बांधकाम आपोआप नियमित समजावे.