सीएचथ्री, सीएचटू आणि पुढचं टोक

दहावीतल्या मुलीला विज्ञान शिकवायला स्वयंपाकघरात बसू नये. मी बसलो. आमच्या नाशिकच्या घरात पंखा तिथलाच बरा चालतो.

तिनं इथेनॉलचं सूत्र लिहिलं : सीटू, एचसिक्स, ओ. मी बापाच्या अधिकारानं म्हटलं, "बरोबर."

"पण बाबा, डायमिथिल ईथरचंही हेच आहे."

खरंच की! दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन, माल तोच. तरी एक ७८ अंशांना उकळणारा द्रव आणि दुसरा शून्याखाली २४ अंशांवरच उकळून हवेत गेलेला वायू.

कांदा चिरता चिरता आई म्हणाली, "अरे, पाहुणे तेच असले तरी पंगतीत कुणाशेजारी कुणाला बसवलं, त्यावर कार्य गोड की कडू ते ठरतं."

संक्षिप्त रचनासूत्र म्हणजे नेमकं हेच. पूर्ण रचनासूत्रात प्रत्येक बंधाची रेघ काढायची. चार कार्बन झाले की वहीत कोळ्याचं जाळं. इथे रेघा गाळायच्या, शेजार राखायचा. सीएचथ्री, सीएचटू, ओएच : ऑक्सिजन टोकाला, हे इथेनॉल. सीएचथ्री, ओ, सीएचथ्री : ऑक्सिजन मधोमध, हा ईथर. कार्बनचे हात चारच, एवढं मोजलं की लपवलेल्या रेघा आपोआप दिसतात.

एव्हाना आईच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. तो रडवणारा पदार्थ कांद्यात आधी नसतोच. सुरी फिरली, पेशी फुटल्या की विकरं कामाला लागतात आणि तो तयार होतो. त्यातलं शेवटचं विकर जपानी संशोधकांनी २००२ मध्ये शोधलं. त्या पदार्थाचं सूत्र मी ऐटीत लिहिलं : सीएचथ्री, सीएचटू, सीएचएसओ.

मुलगी दोन्ही ओळी बघत राहिली. "बाबा, सुरुवात तर एकच आहे!"

दिंडोरीच्या द्राक्षातली साखर आंबून होणारं मद्य आणि लासलगावच्या कांद्यानं काढलेलं पाणी, दोघांची पहिली दोन घरं सारखीच. पुढे ओएच आलं तर माणूस डोलतो, सीएचएसओ आलं तर रडतो.

आईनं पदरानं डोळे पुसले. "स्थळाचंही तसंच असतं," ती म्हणाली.

तेव्हा सूत्र असो की सोयरीक, सुरुवातीवर भुलू नका, टोकापर्यंत वाचा.