लॉकियर त्या दिवशी विजयदुर्गावर नव्हता

माझी भाची आठवीत आहे. 18 ऑगस्टच्या निमित्ताने तिच्या शाळेत विज्ञान प्रश्नमंजूषा झाली. प्रश्न होता : हेलियमचा शोध कोणत्या किल्ल्यावरून लागला? खाली चार पर्याय. तिने ‘यांपैकी नाही’वर खूण केली. पेपर परत आला तो लाल फुली घेऊन, आणि शेजारी शाईने लिहिलेलं : विजयदुर्ग.

पोरीचं उत्तर बरोबर होतं. तिचा एक गुण गेला, तो परत मागायला आज बसलोय.

दरवर्षी 18 ऑगस्टला आपल्याकडे हेलियम दिन साजरा होतो. गोष्ट ठरलेली असते. 1868 साली नॉर्मन लॉकियर नावाचा इंग्रज विजयदुर्गावर आला, त्याने दुर्बीण लावली आणि खग्रास सूर्यग्रहणात त्याला हेलियम सापडला. किल्ल्यावर साहेबाच्या नावाने ओटेही दाखवतात. वर्तमानपत्रं दरवर्षी तीच री ओढतात आणि मग तेच शाळेच्या पेपरात उतरतं.

ग्रहण खरं आहे. मंगळवार होता, पिठोरी अमावास्या. खग्रासचा पट्टा सकाळी कोकण किनाऱ्यावरून आत शिरला आणि जमखंडी, विजापूर, गुंटूर करत मच्छलीपट्टणमपाशी पुन्हा समुद्रावर गेला. विजयदुर्ग त्या पट्ट्यात होता, हेही खरं. पण लॉकियर तिथे नव्हता. तो इंग्लंडमध्ये होता. लंडनच्या युद्धखात्यात कारकून होता तो, आकाश बघणं हा नोकरी सांभाळून जोपासलेला नाद. सूर्याचा प्रकाश फोडून बघायला त्याने एक चांगला वर्णपटदर्शक बनवायला टाकला होता. कारागिरांनी तो इतका लांबवला की हातात पडला 16 ऑक्टोबरला, म्हणजे ग्रहण होऊन दोन महिने उलटल्यावर. चार दिवसांनी, 20 ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, लख्ख उजेडात त्याने सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट पकडला. त्यात एक पिवळी रेघ होती.

ही रेघ काय चीज आहे ते आपल्या स्वयंपाकघरात कळतं. मीठ घातलेल्या भाताचं पाणी उतू जाऊन बर्नरवर पडलं की निळी ज्योत भपकन पिवळी होते. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. वर्णपटात त्याच्या दोन रेघा अगदी चिकटून दिसतात, 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरवर. सूर्यावरची रेघ होती 587.6 वर. फरक दीड नॅनोमीटरचा. साध्या डोळ्याला दोन्ही पिवळे सारखेच. ग्रहणाच्या दिवशी भारतात ज्यांनी ज्यांनी ही रेघ पाहिली त्यांतल्या बहुतेकांनी ती सोडियमची धरली आणि पुढे गेले. मच्छलीपट्टणमला मद्रास वेधशाळेचा नॉर्मन पॉगसन होता. रेघ सोडियमच्या जागेवर नेमकी बसत नाही, याची नोंद त्याने केली. मला विचाराल तर 18 ऑगस्टला कुणाला हार घालायचाच असेल तर तो पॉगसनला घाला. त्याच वेधशाळेचे चिंतामणी रघुनाथाचारी वनपर्तीला ग्रहण पाहत होते, जमखंडीला लेफ्टनंट हर्शेल ढगांतून वाट काढत होता. यांतलं एकही नाव भाचीच्या पुस्तकात नाही.

गुंटूरला फ्रेंच ज्यूल जान्सेन होता. ज्वाळांच्या रेघा त्याला इतक्या झगझगीत दिसल्या, की ग्रहण सुटल्यावरही त्या दिसायला हव्यात असं त्याच्या मनाने घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने त्या पाहिल्याही. लॉकियरने ऑक्टोबरात केलं ते याने ऑगस्टात केलं होतं. पण पत्र भारतातून जायचं होतं. ते पॅरिसच्या विज्ञान अकादमीत पोचलं 26 ऑक्टोबरला, आणि लॉकियरचं पत्रही त्याच दिवशी तिथे येऊन थडकलं. आधी कोण, यावर दोघं आयुष्यभर भांडू शकले असते. ते भांडले नाहीत. फ्रेंच सरकारने पदक पाडलं, त्यावर दोघांचेही चेहरे.

पण त्या पत्रांतही हेलियम नव्हता. रेघ सोडियमची नव्हे, पृथ्वीवरच्या कुठल्याच ओळखीच्या द्रव्याची नव्हे, हे पटायला लॉकियरला आणखी काम करावं लागलं. सूर्याच्या ग्रीक नावावरून नाव पडलं, तरी रसायनवाले कित्येक वर्षं मानेनात. 26 मार्च 1895 ला विल्यम रॅमसेने लंडनमध्ये क्लेव्हाइट या युरेनियमच्या खनिजातून वायू काढला आणि त्यात तीच रेघ दिसली. सूर्यावरून हातात यायला 27 वर्षं लागली. आता सांगा, वाढदिवस कुठला धरायचा?

विजयदुर्गाची गोष्ट जन्मली कशी, याचा मला एक अंदाज आहे. लॉकियर भारतात खरोखर आला होता. खग्रास ग्रहणासाठीच आला होता आणि समुद्रकाठच्या किल्ल्यावरच उतरला होता. फक्त तो किल्ला केरळातला बेकल आणि तारीख 12 डिसेंबर 1871. किल्ला, समुद्र, साहेब आणि दुर्बीण हे सगळं तिथून उचलून कुणीतरी तीन वर्षं मागे आणि कोकणात आणून ठेवलं असावं.

मला विजयदुर्गाबद्दल माया आहे. वाघोटणच्या खाडीच्या तोंडाशी उभा असलेला तो किल्ला आंग्र्यांच्या आरमारासाठी पुरेसा मोठा आहे, त्याला उसना साहेब नको. 18 ऑगस्टचा कार्यक्रम बंद करा असंही मी म्हणत नाही. शाळेची मुलं किल्ल्यावर जमतात, सूर्याबद्दल ऐकतात, हे मला हवंच आहे. पण दीड नॅनोमीटरचा फरक ज्यांनी सोडला नाही त्यांच्या नावाने दिवस पाळायचा आणि दोन महिन्यांचा, सात समुद्रांचा फरक आपण सोडून द्यायचा, हे मला सहन होत नाही. यंदा त्या मुलांना एक स्पिरिटचा दिवा, चिमूटभर मीठ आणि जुनी सीडी द्या. सीडीवर तिरपा पडलेला उजेड रंगांत फुटतो. मीठ पडल्यावर काय बदललं ते त्यांनाच वहीत लिहू द्या.

आणि पाटी लावायचीच तर मजकूर देतो, फुकट घ्या : ‘18 ऑगस्ट 1868 च्या सकाळी खग्रास सूर्यग्रहणाची सावली या किनाऱ्यावरून देशात शिरली. त्या दिवशी गुंटूर, जमखंडी, वनपर्ती आणि मच्छलीपट्टणम इथून सूर्य पाहिला गेला. पिवळी रेघ सोडियमची नाही, हे त्यानंतर लंडनमध्ये नॉर्मन लॉकियरने ओळखलं.’