दोन ‘टी’वाले काका

बोईसरहून चिल्हार फाट्याकडे निघालात की बेटेगावात गॅरेजं लागतात आणि गॅरेजबाहेरच्या बाकावर एक काका. बेटेगावातच असं नाही. जिथे पाना आणि पाटी एकत्र नांदतात तिथे ते असतातच. तारापूर एमआयडीसीतल्या कुठल्याशा कंपनीतून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त. उभी हयात पार्टांची नावं रजिस्टरात चढवण्यात गेली, पार्ट बसवायची वेळ कधी आली नाही. त्यामुळे हात स्वच्छ आणि स्पेलिंग त्याहून स्वच्छ.

काकांचा जीव अडकलाय कार्ब्युरेटरमध्ये. या रस्त्यावर त्याला कारबेटर म्हणतात, कॅब्रेटर म्हणतात, कार्बोरेटर म्हणतात, आणि यातल्या कुठल्याही नावाने तो साफ होतो. काकांना खुपतं ते हेच.

भर पावसात एक पोरगा बंद बाइक ढकलत येतो. मिस्त्री बघताक्षणी सांगतो, “कारबेटरात पाणी गेलंय.”

“कार्-ब्यु-रे-टर!” बाकावरून आवाज. “इंग्रज दोन टी लिहितात, अमेरिकावाले एक. आपण दोनवाले.”

“काका, मला सेकंड शिफ्ट आहे.”

“मग थोडक्यात सांगतो. मूळ लॅटिन शब्द कार्बो. म्हणजे कोळसा.”

तोवर मिस्त्रीने कार्ब्युरेटरची खालची वाटी सोडवलेली असते. पेट्रोलच्या तळाशी पाण्याचा टपोरा थेंब गोटीसारखा घरंगळतो. मिस्त्री वाटी ओततो, जुन्या क्लच वायरीतली एक बारीक तार उपसतो, मेन जेटच्या भोकातून फिरवतो, जेट उजेडाला धरून एक डोळा मिटतो, फुंकर मारतो आणि तोंडात आलेलं पेट्रोल थुंकतो. काका इकडे १८९३ सालात पोचलेत. त्याच एका वर्षात बुडापेस्टच्या बांकी-चोंका जोडीने आणि जर्मनीच्या मायबाखने पेट्रोलचा फवारा हवेत मिसळायची युक्ती काढली. आता पहिला मान कोणाचा, हे सांगायला काका वळतात, तर पोरगा किक मारून पसार.

बरं, काकांचं चुकत नाही, हीच खरी पंचाईत. कार्ब्युरेट करणे म्हणजे कार्बनशी संयोग घडवणे. दिव्याच्या गॅसचा उजेड वाढावा म्हणून त्यात तेलाची वाफ मिसळत, त्यालाही हेच क्रियापद होतं. मिस्त्रीला आता हे सगळं तोंडपाठ आहे आणि त्याने त्याचा धंद्यात उपयोगही करून घेतलाय. गिऱ्हाईक मजुरीवरून घासाघीस करू लागलं की तो हळूच म्हणतो, “काका, यांना जरा लॅटिनचं सांगा ना.” गिऱ्हाईक मुकाट्याने पाकीट काढतं.

एकदा एका टेम्पोच्या टाकीवर ‘डिझल’ लिहिलेलं दिसलं, तर काकांनी चालकाला उभ्या रस्त्यात गाठलं. “अरे, रुडॉल्फ डिझेल हे माणसाचं नाव आहे! १९१३ साली इंग्लंडला जाताना बोटीवरून नाहीसा झाला बिचारा. निदान त्याची मात्रा तरी राहू द्या!” चालकाने हळहळून, “कधी मिळाला मग?” असं विचारलं. काकांना एवढा चांगला श्रोता पुन्हा भेटला नाही.

मग १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-सिक्स नियम लागू झाले. बहुतेक नव्या बाइकमधून कार्ब्युरेटर हद्दपार, त्याच्या जागी इंजेक्शन. काका खचलेच. इंजेक्शन हा शब्द चुकणार कोण? दवाखान्याने तो घरोघरी पाठ करून घेतलाय. जुन्या गाड्या यायच्या, पण त्यांच्या मालकांना कोळशापर्यंतची गोष्ट आधीच ठाऊक. काका नुसता चहा पीत बसायचे.

अशात समोर नवं गॅरेज उघडलं. पाटी लागली : ‘सर्व बाइकचे सेन्सॉर चेक करून मिळतील.’

काकांनी कप खाली ठेवला, दोन कंटेनर जाऊ दिले आणि रस्ता ओलांडला. “बाळा, बाइकला सेन्सर असतो. सेन्सॉर सिनेमाला. पूर्वी रोममध्ये सेन्सॉर नावाचा अधिकारी असे...”

पोरगा धंद्यात नवा होता. त्याने स्टूल पुढे केलं.