एकवीस ऑक्टोबरची गर्दी

२१ ऑक्टोबर उजाडला की आमच्या गडचिरोली-चंद्रपूर या दोन जिल्ह्यांत हारवाल्यांची चंगळ असते.

सकाळी पोलीस स्मृतिदिन. १९५९ साली याच तारखेला लडाखच्या हॉट स्प्रिंग्सला चिनी गोळीबारात आपले दहा पोलीस जवान पडले, त्यांची ही आठवण. गडचिरोलीला आठवणीसाठी लडाख गाठावं लागत नाही. २००९ साली लाहेरीला नक्षल्यांच्या हल्ल्यात सतरा पोलीस गेले. २०१९ ला जांभूळखेड्याच्या सुरुंगात पंधरा गेले, तेही ऐन महाराष्ट्र दिनी. बंदुका खाली झुकतात, नावं वाचली जातात. त्या यादीपुढे सदरलेखकानं गप्प बसावं.

पण त्याच दिवशी चंद्रपूरच्या तुरुंगातल्या पिंपळाखाली दुसरा हार वाट बघत असतो. तो वीर बाबूराव शेडमाक्यांचा. मोलमपल्लीच्या या गोंड जमीनदारपुत्रानं इंग्रजांविरुद्ध जंगोम सेना उभारली, १८५८ च्या मार्चात राजगड परगणा ताब्यात घेतला आणि कॅप्टन क्रिक्टनची झोप उडवली. अखेर अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंच्या माणसांनी त्यांना पकडून दिलं. झाशीच्या लक्ष्मीबाई पडून तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते! बक्षिसी म्हणून अहेरीकरांची जमीनदारी वाढली. शेडमाके २१ ऑक्टोबर १८५८ ला फासावर गेले. म्हणजे एकाच दिवशी बंडखोरालाही सलाम आणि बंदोबस्त करणाऱ्यालाही. सरकारला यात काही अडचण वाटत नाही. बंडखोर दीडशे वर्षं जुना झाला की त्याचा चौक होतो, हे सरकारला पाठ आहे.

तारखेची खोडी इथं संपत नाही. शेडमाके फासावर चढले त्याच दिवशी आल्फ्रेड नोबेल नावाच्या स्वीडिश तरुणाला पंचविसावं पूर्ण झालं. शेडमाकेही १८३३ चेच, वय तेवढंच. पुढं नऊ वर्षांत नोबेलनं डायनामाइटचं पेटंट घेतलं. त्या शोधानं आमच्या भागाचं काय केलं ते खाणीलगतच्या गावांना विचारा. ब्लास्टिंगची वेळ झाली की मांडणीवरचे डबे आपोआप सरकतात. रस्त्याच्या मोरीखाली पुरलेले सुरुंग वेगळेच. शांततेचं पारितोषिक तेवढं ऑस्लोला वाटतात.

शिवाय हाच आयोडीनच्या कमतरतेविरुद्धचाही जागतिक दिवस. आरोग्य खातं मिठाचं महत्त्व सांगतं. ज्या जंगलात एके काळी व्यापारी मापभर मिठाला मापभर चारोळी घेऊन जात, त्या जंगलाला मिठाचं महत्त्व आणखी काय सांगायचं?

सगळ्यात बेरकी निघालं ते मात्र टपाल खातं. शेडमाक्यांच्या लोकांनी २९ एप्रिल १८५८ ला प्राणहितेकाठच्या चिंचगुंडीला तारखात्याच्या तळावर हल्ला केला. गार्टलँड आणि हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले, आणि तिथूनच क्रिक्टनचा पाठलाग चिवट झाला. पुढं टपाल आणि तार एका छपराखाली नांदली. त्याच घराण्यानं १२ मार्च २००९ ला, शेडमाक्यांच्या जन्मतारखेला, त्यांच्या नावाचं तिकीट काढलं. चार वर्षांनी तारसेवा कायमची बंद पडली. ज्याच्या तळावर हल्ला झाला ते खातं गेलं, हल्लेखोराचं तिकीट राहिलं.

इतकी गर्दी असूनही शाळेतल्या ‘दिनविशेष’ फळ्यावर नोबेल हमखास सापडतो, शेडमाके सापडले तर नशीब. तेव्हा गुरुजी, बाई, एक विनंती: येत्या २१ ऑक्टोबरला दोघांनाही शेजारीशेजारी लिहा, आणि पुढं दोघांचं जन्मसाल टाका. उरलेला प्रश्न चौथीतली पोरं स्वतःच विचारतील.