तळपाहे

जानेवारीत मिनेसोटातल्या मिल लॅक्स तलावावर गेलात तर पाण्याचा थेंब दिसणार नाही. दिसतील ती घरं. पाचशेहून अधिक चौरस किलोमीटरचा गोठलेला पसारा, त्यावर हजारो फिश हाउस आणि मधून बर्फ लोटून काढलेले रस्ते. प्रत्येक घराच्या जमिनीला भोकं आणि भोकाशी गळ टाकून बसलेलं कुणीतरी. या गर्दीत एक जात अशी आहे की ती गळाकडे बघतच नाही. ती सात इंची पडद्याकडे बघते. मिनिआपोलिसकडची आम्ही काही मराठी माणसं या जातीला आपसात ‘तळपाहे’ म्हणतो.

तळपाहे ओळखणं सोपं. कॅमेरा केवढ्याला पडला ते तो न विचारता सांगतो. पिकअप नवी कोरी, फिश हाउस चाकांवरचं, आत हीटर, सोफा, स्वयंपाकाचा ओटा. या सगळ्याची बेरीज त्याने बायकोलाही कधी नीट सांगितलेली नाही. कॅमेरा मात्र सव्वाशे डॉलर! पाण्याखाली सोडायचे हे कॅमेरे गेल्या शतकाच्या अखेरीस याच राज्यातल्या मंडळींनी मासेमारांच्या हाती दिले. त्यातले नामांकित आजही हजार डॉलरच्या पुढे जातात. ‘‘माशाला काय कळतंय कुठल्या कंपनीचा आहे ते!’’ असं म्हणून तो खूश होतो. मिनेसोटाचा माणूस पोटच्या पोराच्या लग्नाचं कौतुकही ‘नॉट टू बॅड’ एवढ्यावर भागवतो. हा स्वस्त कॅमेऱ्यावर अर्धा तास बोलतो.

बर्फाच्या बाबतीत मात्र तो काटकसर करत नाही, हे आधीच सांगायला हवं. पायी जायचं तर निदान चार इंच, पिकअप न्यायची तर फुटाहून चांगला जास्त, आणि तेही जागोजागी गिरमिट मारून मोजल्यावर. याबाबतीत त्याचं कुणीही डोळे झाकून ऐकावं.

कॅमेऱ्याची केबल तीस मीटर. मिल लॅक्सची सगळ्यात खोल जागा तेरा मीटरच्याही आतली. उरलेली केबल घरभर असते. कॉफी घेऊन उठणारा प्रत्येक पाहुणा तीत एकदा तरी अडकतो आणि त्या क्षणी पडद्यावर तलावाचा तळ उडी मारतो. गळाच्या भोकाशेजारी कॅमेऱ्यासाठी दुसरं भोक. कॅमेरा केबलला लोंबकळत असल्यामुळे स्वतःभोवती फिरत राहतो. काळोख, आमिष, काळोख, शेवाळ, पुन्हा काळोख. मग तळपाहे दुरुस्तीला बसतो. काठी, चिकटपट्टी, कपड्यांच्या हॅंगरची तार, आइस्क्रीमच्या डब्याचं कापलेलं झाकण. इथे मला त्याच्याबद्दल जिव्हाळा वाटू लागतो. हा माणूस आपल्या आळीतलाच आहे.

चित्र स्थिर झालं की व्याख्यान सुरू होतं. पाणी चार अंशांना सगळ्यात जड असतं, म्हणून बाहेर उणे पंचवीस असलं तरी तळाशी चार अंश. थोडक्यात मासे आपल्याहून सुखात. शिवाय 2005 मध्ये या तलावात झेब्रा शिंपले सापडले. ते पाणी गाळून गाळून तरंगतं सूक्ष्म अन्न खातात. माशांच्या पिल्लांना काय उरणार, या काळजीने सरकारी जीवशास्त्रज्ञ हैराण आणि पाणी नितळ झालं म्हणून तळपाहे आनंदात.

खरी गोम वॉलायच्या डोळ्यांत आहे. या माशाच्या डोळ्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे त्याला अंधुक उजेडात उत्तम दिसतं. नितळ पाण्यात तो दिवसा फारसा तोंड उघडत नाही. खातो तो तिन्हीसांजेला. आणि नेमका तिन्हीसांजेला सव्वाशे डॉलरचा कॅमेरा आंधळा होतो. इन्फ्रारेड दिवे लावले तर तो उजेड पाण्यात फूट-दोन फुटांतच विरतो. पांढरे दिवे लावले तर तळाचा गाळ चकाकून पडद्यावर हिमवर्षाव सुरू होतो. वर बर्फ, खालीही बर्फ. थंडीत पडदासुद्धा मंदावतो आणि मासा निघून गेल्यावर त्याची शेपटी सावकाश मागून येते. म्हणजे दिसतं तेव्हा मासा खात नाही आणि खातो तेव्हा दिसत नाही. ही तक्रार त्याच्यापुढे मांडून पाहा. ‘‘म्हणून तर दिवसा अभ्यास करायचा,’’ हे उत्तर तयार असतं.

क्वचित ढगाळ दुपारी योग जुळून येतो. वॉलाय पडद्यात शिरतो. घरातली बडबड थांबते. तो आमिषापाशी येतो, थांबतो, मागे सरतो, पुन्हा येतो. जबडा उघडतो. आणि तळपाहे हिसका देतो! आमिष माशाच्या तोंडात जाण्याआधीच वर येतं. न बघणारा माणूस दोरीला ओढ लागल्यावर गळ खेचतो, बघणाऱ्याला तेवढा धीर कुठला? पडद्यावर दिसतो तो जबडा मिटणारा मासा आणि त्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ. तळपाहे मात्र विजयी मुद्रेने आमच्याकडे वळतो. ‘‘पाहिलंत? चोवीस इंची होता!’’ पाहिला होता, हे खरंच.

पर्च मासे चौकस. ते आमिष सोडून कॅमेऱ्यालाच चोच मारतात. त्यातल्या एकाचा पर फाटलेला होता. दुपारभर तो भिंगापुढे घुटमळला आणि संध्याकाळी चुकून गळाला लागला. तळपाह्याने त्याला लगेच ओळखलं, अलगद सोडवलं आणि परत पाण्यात सोडलं. ‘‘ओळखीचा निघाला,’’ म्हणाला. आम्ही तव्याखालचा गॅस बंद केला.

परतीच्या वाटेवर तो सगळ्यांना हॉटेलात नेतो. पाव चुरून त्यात घोळवलेला, कुरकुरीत तळलेला वॉलाय मागवतो, बिलही आग्रहाने स्वतः देतो आणि जेवणभर त्या चोवीस इंचीचं चित्रीकरण दाखवतो. मिनेसोटातल्या हॉटेलांत मिळणारा बराचसा वॉलाय कॅनडातून येतो.